रोशा: आपल्या उतारावरचं वासाचं गवत

कामं आटोपून, चूल विझवून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी लेकराला मांडीवर घेऊन. आज आम्ही तुमच्याशी एका गवताबद्दल बोलणार आहोत.

गवताबद्दल काय बोलायचं, असं वाटेल. गवत म्हणजे गुरांचा चारा, नाहीतर छपराला शाकार. पण हे गवत तुम्ही सगळ्यांनी हुंगलेलं आहे. आश्विनात डोंगर चढताना पायाखाली पान चिरडलं की एकदम गुलाबासारखा वास येतो ना, तेच हे गवत. कुणी त्याला रोशा म्हणतं, कुणी तिखाडी. जुन्या वैद्यांच्या पोथ्यांत त्याला रोहिष म्हटलंय. बाहेरच्या बाजारात त्याच्या तेलाला पामरोजा म्हणतात. शास्त्रज्ञांचं नाव आहे सिम्बोपोगॉन मार्टिनी. नाव कुठलंही घ्या, उगवतं ते आपल्या उतारावर, कुणी न पेरता.

दसऱ्याला आता महिनाभर राहिलाय. दसऱ्यानंतर कापणी सुरू होते. म्हणून हे बोलणं आत्ताच करायला हवं. कापून झाल्यावर बोलून उपयोग नाही, हे आम्ही स्वतः ठेच लागून शिकलोय. ती ठेच कशी लागली, ते पुढे सांगतोच.

आधी हे गवत ओळखायचं कसं? पावसाळ्यात ते इतर गवतांत मिसळून जातं. मारवेल, पवन्या, कुसळी, सगळं हिरवंच. पण रोशाचं पान नीट बघा. पान बुडाशी रुंद असतं आणि कांड्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारखं बसतं. पानाची खालची बाजू निळसर पांढरट दिसते, राख पुसल्यासारखी. गवती चहाचं पान बुडाशी असं रुंद नसतं, म्हणून त्या दोघांत गोंधळ व्हायला नको. भाद्रपदापर्यंत ते खांद्याला लागतं, तुरे आले की माणसाच्या डोक्यावर जातं. तरीही खात्री नसेल तर पान बोटांत चुरडायचं आणि नाकाशी न्यायचं.

आता हे उगवतं कुठे? आपल्याला वाटतं, हे आपल्या गावचंच गवत. खरं तर त्याचा मुलूख फार मोठा आहे. पूर्वेला राजमहालच्या टेकड्यांपासून वायव्येला अफगाण सरहद्दीपर्यंत, उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेला पार कर्नाटक-तमिळनाडूच्या कोरड्या डोंगरांपर्यंत ते रानात आपोआप येतं. मात्र त्याच्या आवडीनिवडी पक्क्या आहेत. जिथे पावसाचा नुसता धुमाकूळ असतो, त्या सह्याद्रीच्या कोकण बाजूला ते रमत नाही. वाळवंटातही नाही. त्याला चार महिने बरा पाऊस हवा, मग कोरडी हवा हवी, पाणी न साचणारा उतार हवा आणि डोक्यावर ऊन हवं. दाट सावलीत ते विरळ होत जातं.

म्हणजे काय, तर सातपुडा. आमचा अक्राणी-अक्कलकुवा, तळोदा-शहाद्याच्या वरचा डोंगर, नवापूरकडच्या टेकड्या, पलीकडे निमाड, बैतूल, इकडे अमरावतीचा मेळघाट. तेलाच्या व्यापारात या पट्ट्याचं नाव शंभर-दीडशे वर्षांपासून आहे. आपला नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा पश्चिम खानदेश, आणि 1906 च्या आधी नुसता खानदेश. इंग्रजांच्या काळात 1880 ला खानदेशचं जे गॅझेटियर निघालं, त्यातही रोशाच्या तेलाचा धंदा नोंदलेला आहे.

हे तेल जायचं कुठे, ते ऐकाल तर हसाल. इथल्या भट्ट्यांमधून ते मुंबईला जायचं. मुंबईहून जहाजात चढून तांबड्या समुद्राच्या बंदरांवर, तिथून इस्तंबूलला. तुर्कस्तानात त्याला म्हणायचे इद्रीस यागी. आणि तिथून पुढे गुलाबाच्या अत्तरात! बल्गेरियाकडे गुलाबाचं अत्तर काढणारे लोक हे तेल गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडायचे आणि मग पाकळ्या भट्टीत घालायचे. अत्तर जास्त निघायचं आणि पकडलंही जायचं नाही, कारण गुलाबाच्या वासात जो मुख्य गुण आहे तो रोशातही आहे. त्याला जिरॅनिऑल म्हणतात. युरोपातल्या बाजारात कित्येक वर्षं लोकांना वाटायचं, हे तेल तुर्की आहे. म्हणून त्याला नाव पडलं होतं तुर्की जिरॅनियम तेल. आपल्या आजेपणज्यांनी डोंगरावरून डोक्यावर वाहून आणलेलं गवत, आणि नाव तुर्कस्तानचं!

त्या 'मार्टिनी' नावाचीही एक गोष्ट आहे. क्लॉड मार्टिन नावाचा एक फ्रेंच सेनापती होता, लखनौला राहायचा. टिपू सुलतानाशी लढाई चालू होती, तेव्हा दक्षिणेतल्या डोंगरपट्ट्यात त्यानं हे गवत पाहिलं. गुरं ते आवडीनं खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही वास येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं बी गोळा करून लखनौला पेरलं आणि कलकत्त्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांना धाडलं. रॉक्सबर्ग यांनी गवताला मार्टिनचं नाव दिलं. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाली, "दुधाला वास येतो हे आमच्या सासूलाही ठाऊक होतं, तिचं नाव नाही दिलं कुणी!" सगळ्या हसल्या. पण मावशीचं म्हणणं काही खोटं नाही. ते आमच्या डोक्यात बसलं, आणि पुढे उपयोगीही पडलं.

आता आमची स्वतःची गोष्ट.

आमच्या गटात 11 जणी. पाड्यावरच्या. भात, मका, थोडी ज्वारी, डोंगरउतारावर भगर, वरई. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती होळीला परत येतात. लेकरांची शाळा तिथेच तुटते. तेव्हा गटात एकच विचार चालायचा, की दसरा ते नाताळ एवढ्या काळात इथेच काहीतरी काम निघालं, तर निदान दोन-चार घरं तरी थांबतील. कुणीतरी म्हणालं, पूर्वी ठेकेदार रोशाच्या भट्ट्या लावायचे. आपली आजी-आजोबा त्याच भट्ट्यांवर मजुरीला जायची. मग भट्टी आपणच का लावू नये?

आम्ही गटाचं कर्ज काढलं. एक जुनी भट्टी मिळाली, ती दुरुस्त करून घेतली. भट्टीचं काम अवघड नाही. मोठ्या डेगेत खाली पाणी, वर जाळी, जाळीवर गवत दाबून भरायचं. कापलेलं गवत आधी काही तास सुकवायचं, म्हणजे जास्त मावतं आणि सरपण कमी लागतं. झाकण मातीनं लिंपायचं, खाली जाळ घालायचा. वाफ गवतातलं तेल घेऊन नळीतून जाते, नळी थंड पाण्यातून जाते, वाफेचं पाणी होतं. पाण्यावर तेल तरंगतं. ते अलगद काढून घ्यायचं. तीन-चार तासांचा एक घाणा. दोन क्विंटल गवताला कधी अर्धा किलो तेल, कधी पाऊण किलो. एवढंच. म्हणून तेल महाग, आणि म्हणूनच गवताचा भारा उचलणाऱ्या बाईचं कंबरडं मोडतं.

पहिल्या वर्षी हुरूप मोठा होता. हिशोबाची वही आमच्यातली जी बीए झालेली, तिच्याकडे. म्हणजे आत्ता तुमच्याशी जी बोलतेय तीच. तिनं कागदावर मांडलं, इतके भारे, इतके घाणे, इतके किलो. उतारावरचं रोशा ठोंब्याठोंब्यानं लांब लांब असतं, ते कापत फिरायला दिवस जातो. खाली ओढ्याच्या कडेला मात्र दाट ताटवाच होता. तसंच पान, तसाच तुरा. वही म्हणाली, ओढ्याचं कापा, भारे लवकर भरतील.

आमच्यात एक आजी आहे. वय तिलाही सांगता येत नाही. लहानपणी ती ठेकेदाराच्या भट्टीवर बापाबरोबर जायची. ती म्हणाली, "ओढ्याचं नको. ते आल्याच्या वासाचं. ते वेगळं." आम्ही पान चुरडून बघितलं, वास आम्हाला छानच वाटला. आम्ही म्हटलं, आजी, गवत तेच आहे, ओल जास्त म्हणून वास जरा उग्र. आजी गप्प बसली. ती मीटिंगमध्ये फार बोलत नाही, आणि आम्ही तिला फार विचारतही नव्हतो.

नाताळापर्यंत 18 किलो तेल झालं. सगळं एकाच डब्यात. व्यापाऱ्यानं नमुना हुंगला, कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला, थांबला, पुन्हा हुंगला. म्हणाला, "यात सोफिया मिसळलाय." आणि निम्म्याहून जरासा जास्त भाव सांगितला. आम्हाला वाटलं फसवतोय. डबा उचलून आम्ही दुसऱ्याकडे गेलो. त्यानंही तेच सांगितलं.

मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं, की रोशा एक नसतं, दोन असतात. एक मोतिया, एक सोफिया. दिसायला सख्ख्या बहिणी. पूर्वी काही जाणत्यांनाही वाटायचं की एकच गवत, तुरा कोवळा असताना मोतिया आणि पिकून लाल झाला की सोफिया. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळलं की दोन्हींची जातच वेगळी. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावर सुट्या ठोंब्यांनी उगवतो. सोफिया सखल, ओलसर जागी दाट ताटव्यानं उगवतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, शंभरात पाऊणशेच्या पुढे. तेच पामरोजा. सोफियाच्या तेलात ते पुष्कळ कमी आणि वास आल्यासारखा, उग्र. त्याला बाजारात जिंजरग्रास तेल म्हणतात आणि त्याचा भाव उतरता. म्हणजे आजीनं जे एका वाक्यात सांगितलं होतं, तेच.

डबा आम्ही पडत्या भावात विकला. कर्जाचे हप्ते थकले. दोघींनी कोंबड्या विकल्या, एकीनं चांदीचे वाळे गहाण ठेवले. थांबतील म्हटलेल्या घरांतली दोन घरं नाताळानंतर उसाला गेलीच. त्यांतल्या एका घरची मुलगी सातवीत होती. ती त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. वहीतल्या चुकीची किंमत वहीत लिहिता येत नाही, ती अशी दुसऱ्याच्या घरात भरावी लागते.

पुढच्या वर्षी आजी पुढे आणि आम्ही मागे. तिनं आम्हाला सगळा डोंगर फिरवला. कुठल्या उतारावर मोतिया, कुठल्या घळीत सोफिया, कुठे पूर्वी होतं आणि आता नाही. आम्ही एका मोठ्या कागदावर खुणा करत गेलो. नावं आजीचीच. 'सागाखालचा उतार', 'वाघदेवामागचा', 'तुटक्या बांधाचा'. त्या वर्षीचं तेल निवळ मोतियाचं निघालं आणि पूर्ण भाव मिळाला. हप्ते सुरळीत झाले. तिसऱ्या वर्षी आणखी जोरात कापलं.

आणि तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात दुसरी ठेच लागली. तुटक्या बांधाच्या उतारावर रोशा निम्मंसुद्धा उगवलं नाही. जिथे ठोंबे होते तिथे कुसळी आणि घाणेरी.

का झालं? आम्ही जाणत्यांना विचारलं, स्वतःही पाहिलं. तेल सर्वांत जास्त आणि चांगलं असतं ते गवत फुलावर असताना. तेल असतं तुऱ्यात आणि पानांत, कांड्यात अगदी थोडं. म्हणून सगळे फुलावर कापतात, आम्हीही. पण फुलावर कापलं की बी धरत नाही. जुना ठोंबा काही वर्षं फुटत राहतो, मग म्हातारा होतो. त्याच्या जागी नवा यायला बी पडायला हवं, आणि आम्ही एका उतारावर तीन वर्षं एक तुराही पिकू दिला नव्हता. वर आम्ही विळा पार जमिनीला टेकवून कापत होतो, भारा भरावा म्हणून. बुडखाच सोलला गेला. मग गुरं आली, त्यांनी कोवळे फुटवे खाल्ले. दुबळ्या ठोंब्याला ते सोसलं नाही.

यावर गटात मोठी भांडणं झाली. आम्ही ते लपवत नाही. काहीजणी म्हणाल्या, तिसरा हिस्सा डोंगर कापायचाच नाही, बी पडू द्यायचं. दुसऱ्या म्हणाल्या, आपण नाही कापलं तर शेजारचा पाडा कापेल, बकऱ्या खातील, आपण नुसतं बघत बसायचं का? एका काकीनं विचारलं, "माझ्या पोरीच्या होस्टेलचे पैसे याच महिन्यात भरायचेत. बी पडेल तेव्हा पडेल, पैसे आत्ता कोण देईल?" याला उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. गरज आजची असते आणि गवत पुढच्या वर्षीचं असतं.

शेवटी दोन गोष्टी केल्या. एक, गटाच्या बचतीतून काकीला बिनव्याजी उसने दिले. न कापलेल्या गवताचा भार एकटीच्या घरावर पडू नये म्हणून. दुसरी, विषय ग्रामसभेत नेला. कारण डोंगर आमच्या 11 जणींचा नाही, सगळ्या गावाचा आहे.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं. पूर्वी जंगलातलं रोशा ठेक्यानं जायचं. ठेकेदार बाहेरचा, आपण मजूर. 2006 चा वनहक्क कायदा आला. त्यात गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारं सगळं, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क परंपरेनं ते गोळा करणाऱ्यांना दिलेला आहे. त्याच कायद्यात ग्रामसभेला जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकारही आहे. या दोन गोष्टी जोडीनं वाचायच्या असतात. तोडायचा हक्क आहे तसा राखायचाही आहे. 1996 चा पेसा कायदाही गौण वनउपज ग्रामसभेच्या हाती देतो. सामूहिक हक्काचा दावा तुमच्या गावानं केला नसेल, तर वनहक्क समितीला विचारा. आणि ग्रामसभेत बायका मागे भिंतीला टेकून बसतात, ते सोडा. पुढे बसा. रोशा कापतं कोण? आपणच ना?

आमच्या ग्रामसभेत ठराव झाला. मोतियाच्या उतारांचे तीन भाग. दरवर्षी एक भाग अजिबात कापायचा नाही, बी झडेपर्यंत तिथे गुरंही घालायची नाहीत. बाकी दोन भागांत जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचं आणि दर दहा ठोंब्यांत एक उभा सोडायचा. शेजारच्या पाड्यालाही बोलावलं. त्यांनी आधी मानलं नाही, मग भट्टीचे घाणे त्यांनाही भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा मानलं. राखणदारीच्या पाळ्या लावल्या. पाळी चुकवणाऱ्याला दंड, तोही आम्ही दोनदा वसूल केला, त्यात एकदा आमच्याच गटातल्या बाईकडून.

फळ काय मिळालं? वाघदेवामागचा उतार चांगला भरलाय. रिकाम्या जागांवर नवी रोपं दिसतात, बोटभर उंचीची, पण चुरडली की वास येतो. तुटक्या बांधाचा उतार मात्र अजून उठला नाही. तिथे घाणेरी काढून आम्ही हातानं बी टाकलंय. येईल की नाही, ते आज सांगता येणार नाही. तेल आधीपेक्षा कमी निघतं, हेही खरं. तिसरा हिस्सा सोडला की कमाईही घटते. पण गेल्या वर्षी गटातली चार घरं उसाला गेली नाहीत. आणि परीक्षेला न बसलेली ती मुलगी पुन्हा शाळेत बसली, आता नववीत आहे.

आता तुमच्यातल्या काहीजणी विचारतील, डोंगराच्या मागे लागण्यापेक्षा शेतात का लावू नये? लावता येतं. लखनौला सीमॅप नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. तिनं मोतियाच्या लागवडीच्या जाती काढल्यात, तृष्णा, पीआरसी-1 अशा. बी अगदी बारीक असतं, ते राखेत किंवा वाळूत मिसळून रोपवाटिकेत टाकतात, पावसाच्या सुरुवातीला रोपं लावतात. एकदा लावलं की काही वर्षं कापत राहता येतं, पाणी असेल तर वर्षात दोन-तीन कापण्याही मिळतात. हलक्या जमिनीत येतं. बी घेताना मात्र मोतियाचंच आहे ना, हे बघून घ्या, आणि पहिल्या वर्षी उगवलेलं प्रत्येक ठोंब हुंगा. सोफिया असेल तर उपटा.

पण शेतातलं आलं म्हणून डोंगरावरचं सोडू नका, असं आमचं म्हणणं. एक तर ज्यांना शेतच नाही, त्यांना डोंगरच आहे. दुसरं, शेतातली जात एका ठिकाणच्या निवडीची. डोंगरावरच्या गवतात शेकडो वर्षांचे उन्हाळे, वणवे, दुष्काळ सोसलेलं बी आहे. शेतातल्या जातीसुद्धा रानातल्याच रोशातून निवडून काढल्यात. रान रिकामं झालं तर उद्या निवडायचं कशातून?

तेलाबद्दल दोन शब्द घरच्यांसाठी. आपल्याकडे गुडघे, कंबर दुखली की रोशाचं तेल चोळायची पद्धत आहे. चोळा, पण निवळ तेल अंगाला लावू नका, तिळाच्या नाहीतर खोबऱ्याच्या तेलात थोडंच थेंब थेंब मिसळा. निवळ तेलानं कातडी जळजळते. डोळ्यापासून, लहान लेकरांपासून दूर ठेवा आणि पोटात मुळीच घेऊ नका. दुखणं महिनाभर राहिलं तर दवाखान्यात दाखवा, तेलावर दिवस काढू नका. विकायचं तेल असेल तर ते लोखंडी डब्यात ठेवू नका, काळं पडतं. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात तोंडापर्यंत भरून, सावलीत ठेवा. आणि त्यात रॉकेल, शेंगदाण्याचं तेल असलं काही मिसळण्याचा मोह कुणाला झाला, तर आमचा 18 किलोचा डबा आठवा. आम्ही तर मुद्दाम मिसळलंही नव्हतं.

शेवटी, या महिन्यात करायच्या पाच गोष्टी. लक्षात ठेवा, नाहीतर लेकराला वहीवर लिहायला सांगा.

पहिली, गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बरोबर घेऊन डोंगर फिरा आणि रोशा कुठे आहे, कुठे होतं, त्याच्या खुणा कागदावर करा. दुसरी, मोतिया आणि सोफिया वेगळे ओळखा. उतार की ओढा, सुटं की दाट, गुलाब की आलं. तिसरी, कापण्याआधीच ठरवा, की कुठला भाग सोडायचा. विळा हातात आल्यावर कुणी थांबत नाही. चौथी, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्या खुणांचा कागद पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्यात आपलं रोशा लिहिलं गेलं पाहिजे, ते उतारांच्या नावांसकट आणि ते सांगणाऱ्या आजीच्या नावासकट. पाचवी, ज्या घराला आजच पैसा हवा, त्या घराचा विचार गटानं आधी करा. त्याशिवाय कुठलाही ठराव टिकत नाही.

आमच्या आजीनं परवा मीटिंगमध्ये आपणहून हात वर केला. म्हणाली, "सागाखालच्या उतारावर सावली वाढलीय, तिथलं रोशा दोन-तीन वर्षांत जाईल. साग कुणाचा ते मला ठाऊक नाही, पण गवत जाईल." आम्ही ते वहीत लिहून घेतलंय, पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय म्हणून. वहीत तिच्या अंगठ्याचा ठसाही घेतलाय, शेजारी तिचं नाव लिहून.

बरं तर मैत्रिणींनो, चुलीवरचं बघा. पुढच्या आठवड्यात याच वेळेला मोहाची फुलं वाळवून साठवण्याबद्दल बोलू. रामराम, जोहार.